गुऱ्हाळाला जाताय? दुसऱ्या आधणापर्यंत थांबा

कुणकेश्वरची जत्रा आटपली की देवगडात बागवाल्यांच्या घरातून रविवार नाहीसा होतो. मोहोर, फवारणी, सुपारीएवढी झालेली फळं, त्यात थ्रिप्स या किडीची धास्ती. तरी यंदा आमच्या ह्यांनी गाडी काढली, कारण टोरांटोहून त्यांची बहीण आली होती आणि बारा वर्षांच्या भाच्याने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. तिकडे हिवाळा सरता सरता घरंच्या घरं मेपलचं सिरप कसं करतात ते बघायला रानात जातात. यंदा त्याची ती फेरी चुकणार होती. "मामी, तुमच्याकडे असं काहीच नाही का?" हे त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर सासूबाई आतून म्हणाल्या, "नाय कसां? गुऱ्हाळ आसा मां!"

सासूबाईंचं माहेर वैभववाडी तालुक्यातलं, घाटाच्या पायथ्याचं. किनाऱ्यावरच्या आम्हा लोकांना ऊस म्हणजे तुळशीच्या लग्नाला लागतो तेवढाच, पण तिकडे नदीकाठाला उसाची शेतं आहेत. बराचसा ऊस घाट चढून गगनबावड्याकडे कारखान्याला जातो, राहिलेल्यावर एखाददुसरं गुऱ्हाळ चालतं. आम्ही गेलो त्या गुऱ्हाळाला पाटी नाही, मोबाइलच्या नकाशात ते सापडत नाही. नात्यातल्या एकाने नंबर दिला. मालकाने फोनवर सांगितलं, "या, सगळं दाखवतो. गूळ एकदम केमिकलविरहित." हे वाक्य लक्षात ठेवा.

पहाटे पाचला निघालो. नांदगाव, तळेरे, मग वैभववाडीचा रस्ता. दोन तासांच्या आत पोचलो. धुकं होतं, आणि गुऱ्हाळ दिसण्याआधी त्याचा वास आला. गाडीत नणंद मेपलची हकिगत सांगत होती. रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं असे काही आठवडे असतात, तेवढ्यातच झाडाच्या खोडाला बारीक भोक पाडून रस काढायचा. रस दिसायला पाण्यासारखा, साखर दोनेक टक्के. साधारण ४० लिटर आटवावा तेव्हा १ लिटर सिरप. पूर्वी झाडाला बादल्या टांगत, आता मोठ्या ठिकाणी झाडाझाडातून नळ्या फिरवलेल्या असतात. आणि पोरं जातात ती कशासाठी, तर उकळता पाक ताज्या बर्फावर ओततात, तो चिवट झाला की काडीला गुंडाळून चाटायचा.

"आणि बर्फ नसेल तर?" आमच्या लेकीने विचारलं. भाचा गप्प.

आता गुऱ्हाळाबद्दल. शेड पत्र्याची. एका अंगाला घाणा, तो विजेवर चालतो. बाहेर वाळत घातलेल्या चिपाडांचे ढीग. मधोमध चुलवाण आणि त्यावर काहील, म्हणजे रस आटवायची कढई, आमच्या अख्ख्या हॉलएवढी नाही, पण स्वयंपाकघराएवढी नक्की. चिपाडं चुलवाणात सारणारा गडी जमिनीच्या पातळीखाली बसलेला, त्याचं फक्त डोकं दिसत होतं. माणशी १०० रुपये घेतले, त्यात एकेक ग्लास रस. मुलांना अर्धे. एवढ्यात बैलगाडीची फेरी आणि फेटा बांधून फोटो असंही मिळतं, १५० रुपये जास्त. आम्ही घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका. बैल बिचारा कंटाळलेला होता.

रसाबद्दल तक्रार नाही. आलं-लिंबू न घालता प्या. भाच्याने ग्लास संपवून पहिला प्रश्न केला, की एक किलो गुळाला किती लिटर रस लागतो. मालक म्हणाला, ऊस चांगला असला तर पाच-सहा लिटर. थंडीत साखर भरलेली असते, आता उन्हं वाढली की उतारा घसरेल. भाच्याने मनात हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे तुमचं सोपं आहे." सासूबाईंनी त्याला चुलवाणाच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. "हयसर रव दहा मिनटां. मगे सांग सोपां की काय तां." तो दोन मिनिटांत मागे आला, गाल लाल.

तुमच्यापैकी बरेच जण जातील, रस पितील, वाफ उठणाऱ्या काहिलीपुढे सेल्फी काढतील आणि वीस मिनिटांत गाडीत बसतील. आमच्यासमोर तशा दोन गाड्या आल्या आणि गेल्या. त्यांनी काहीच बघितलं नाही. एक आधण, म्हणजे रस काहिलीत घातल्यापासून गूळ होईपर्यंतचा एक घाणा, व्हायला अडीच-तीन तास लागतात, आणि गंमत शेवटच्या अर्ध्या तासात आहे.

गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, घाटावरचा, राधानगरीकडचा. हा माणूस खरा बघण्यासारखा. रस तापायला लागला की त्यात आधी चुन्याची निवळी, मग भेंडीचं पाणी. भेंडीची झाडं ठेचून बादलीत भिजवलेली होती, हात घातला तर शेंबडासारखी तार. ती बुळबुळ रसातला गाळ धरून वर आणते, आणि मग हिरवट-काळ्या मळीची जाड साय येते. ती लांब दांड्याच्या झाऱ्याने काढत राहायची. तीन-चार वेळा मळी काढल्यावर खाली जो रस दिसतो तो वेगळाच, चहाच्या रंगाचा आणि स्वच्छ. मळी वाहून जायला शेडमध्ये उघडी नाली आहे. भाच्याचा एक बूट त्यात गेला. कॅनडाचा बूट, आत लोकर! धुतला, पण आता त्याला कायमचा गुऱ्हाळाचा वास आहे.

मग उकळी पेटते. फेस काठापर्यंत चढला की गुळव्या चमचाभर खोबरेल शिंपडतो आणि तो सगळा डोंगर खाली बसतो. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. बुडबुडे लहान आणि मऊ असतात तेव्हा काकवी, म्हणजे पातळ गूळ. पुढे ते मोठे होऊन फटफट फुटायला लागले की तो एका वाटीत गार पाणी घेतो, पाकाचे चार थेंब सोडतो आणि बोटांनी गोळा करतो. पहिल्यांदा गोळी बोटाला चिकटून पसरली. दुसऱ्यांदा पसरली नाही, पण दाबल्यावर बसली. तिसऱ्यांदा त्याने ती वाटीच्या काठावर आपटली, टक् असा आवाज आला. "झालं," म्हणाला. मधली, म्हणजे दुसरी गोळी त्याने भाच्याच्या हातावर ठेवली होती. पोराने ती तोंडात टाकली, दातांना चिकटवली, आणि आईकडे बघून मान डोलावली. बर्फाचा प्रश्न मिटला.

पण तिसरी गोळी व्हायच्या आधी गुळव्याने कोपऱ्यातल्या डब्यातून पांढरी पावडर काढली आणि मूठभर काहिलीत फेकली. आम्ही सगळे फोटो काढत होतो. बघितलं ते सासूबाईंनी.

"ह्यां काय घातलंस रे झिला?"

"पावडर हाय आजी. हायड्रॉस. त्याबिगर पिवळा रंग येत न्हाई."

"आमच्या बापाशीकडे गूळ काळोच व्हायचो. खाऊन कोण मेलो नाय."

"मी काय करू आजी? काळा ठेवला तर गिऱ्हाईक म्हनतंय जुना गूळ हाय."

त्याचं काही चूक नाही. त्याला जे विकलं जातं तेच तो करणार. राग आला तो मालकाचा. फोनवरच्या वाक्याची आठवण करून दिल्यावर तो हसला आणि म्हणाला, "थोडीशीच असते हो, वहिनी. सगळेच घालतात." रंग उडवायला घालतात ती ही पावडर, हे त्यालाही माहीत होतं. गंधक असलेली पावडर खायच्या वस्तूत थोडीशी म्हणजे किती, हे मूठ मोजून ठरतं का? ह्यांनी वाद घातला नाही. सरळ सांगितलं, पुढचं आधण बिनपावडरीचं काढा, १५ किलो गूळ आणि चार लिटर काकवी आम्ही घेतो, नाहीतर हे चाललो. मालकाने गुळव्याकडे बघितलं. गुळव्या म्हणाला, "मला तर बरंच हाय, एक काम कमी."

म्हणून आम्ही अकरा वाजता परत पहिल्यापासून बघायला बसलो. मुलं चिपाडांच्या ढिगावर घसरगुंडी खेळली. मी सांगते, दुसऱ्यांदा बघताना जास्त कळतं. पहिल्यांदा नुसती वाफ दिसते.

काकवीच्या वेळेला गुळव्याने स्वतःहून हाक मारली. आम्ही घरून घावणे नेले होते, केळीच्या पानात गुंडाळून, आणि ओलं खोबरं. स्टीलच्या ताटात गरम काकवी, त्यात घावणा बुडवून. एरवी आम्ही घावण्याबरोबर नारळाचा गोड रस करतो, तो ह्यापुढे मिळमिळीत लागेल अशी भीती आहे. काकवीत गोडाच्या मागून किंचित खारट, किंचित धुरकट चव येते आणि घशात राहते. नणंदेने डोळे मिटून खाल्लं आणि मग न्याय दिला: मेपलचा वास वरचढ, त्याला लाकडाचा आणि व्हॅनिलासारखा सुगंध असतो, चव काकवीची भारी. भाच्याचं मत वेगळं होतं, पण त्याने सहा घावणे खाल्ले.

काहील ओतायची वेळ आली तेव्हा मालकाने सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. चौघांनी साखळीने ती एका बाजूने उचलली आणि पाक वाफ्यात, म्हणजे तो निवायच्या उथळ जागेत, धबधब्यासारखा आला. हे तेवढंच अर्धं मिनिट. त्यानंतर फावड्याने घोटणं, घट्ट होणं, फडकं घातलेल्या डब्यात भरून ढेपा पाडणं. आमच्या ढेपा तपकिरी झाल्या, कडेला काळसर. शेजारी पहिल्या आधणाच्या ढेपा हळदीसारख्या पिवळ्या. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या मुलींसारख्या मेकअप करून बसलेल्या.

लहान मुलं असतील तर एक गंभीर गोष्ट. काहिलीभोवती कठडा नाही, दोरीसुद्धा नाही. जमीन मळीने निसरडी असते. आम्ही लेकीचा हात एक क्षण सोडला नाही. मालकाला हे सांगितलं तर म्हणाला पुढच्या वर्षी करू. संडास आहे, दाराला कडी नाही, बाहेर कुणाला तरी उभं करावं लागतं. गांधीलमाश्या खूप, पण आपल्या वाटेला गेल्या नाहीत. चहा गुळाचा मिळतो. ताज्या गुळाचा होता, दूध फाटलं. कोरा मागा.

गूळ ८० रुपये किलो, काकवी १५० रुपये लिटर. काकवीला बाटली आपली न्या, कोरडी आणि काचेची. मालकाकडे पाण्याच्या वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या असतात आणि तो गरम काकवी त्यात ओततो. एक बाटली आमच्यासमोर कमरेत मुडपली.

मुंबईहून येणाऱ्यांना वैभववाडी रोड स्टेशन सोयीचं, पुढे रिक्षा आधी ठरवून ठेवा. मार्चच्या मध्यापर्यंत काम चालतं असं मालक म्हणाला. फोनवर "बिनपावडरीचं आधण, अमुक किलो घेणार" एवढं आधीच बोलून घ्या, आणि पोचल्यावर तो कोपऱ्यातला डबा कुठे आहे ते बघून ठेवा. पाचपैकी तीन तारे. गुळव्याला वेगळे द्यायची सोय असती तर त्याला पाच दिले असते.

नणंदेने दोन बाटल्या काकवी सामानात बांधल्या, तीन पिशव्या आणि एका जुन्या साडीत. परवा फोन आला, एक गळली. साडी तिने धुतलेली नाही.