पेट्रोल की डिझेल : लिटरपेक्षा तासांचा हिशेब

जनरेटर, पंप किंवा वाहन घेताना बहुतेक जण एका लिटरमध्ये किती काम होते एवढेच पाहतात आणि डिझेलच्या बाजूने कौल देतात. हा हिशेब चुकीचा नसला तरी अपुरा आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल आणि पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते खरी, पण डिझेल मुळातच जड असते; किलोमागे मोजल्यास हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. लिटरमागे निघणारा कार्बन डायऑक्साइडही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो : पेट्रोलचा सुमारे 2.3 किलो, तर डिझेलचा सुमारे 2.7 किलो.

डिझेलचा खरा फायदा इंजिनात आहे. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवेचे मिश्रण साधारण 9 ते 12 पट दाबून ठिणगीने पेटवले जाते. त्याहून फार दाबले, तर ते अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते. रुडॉल्फ डिझेल यांच्या 1897 मध्ये यशस्वी ठरलेल्या इंजिनात मात्र आधी नुसती हवा दाबली जाते आणि ती इतकी तापते की फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. आजच्या डिझेल इंजिनांत हा दाब साधारण 15 ते 20 पट असतो, म्हणूनच तेवढ्याच इंधनातून अधिक काम निघते. अर्थात एवढा दाब सोसणारे इंजिन वजनदार आणि महाग असणारच.

त्यामुळे यंत्र रोज कित्येक तास, बऱ्यापैकी भाराखाली चालणार असेल, तर डिझेल इंजिनाची जादा किंमत वसूल होते. मोठा डिझेल जनरेटर चार दिव्यांसाठी चालवणे मात्र नुकसानीचे आहे : सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन अर्धवट जळते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळा, तेलकट ओघळ दिसू लागतो. अधूनमधून लागणाऱ्या छोट्या यंत्राला पेट्रोलच बरे. फक्त कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, पेट्रोल महिनोन्‌महिने राहू देऊ नये. ते उडून मागे तपकिरी, चिकट थर उरतो आणि इंधन सोडणाऱ्या जेटचे केसाएवढे भोक बुजते. इंधनाची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवले, की ही कटकट बरीच टळते.

साठवणुकीत डिझेल निर्विवाद सरस आहे, कारण पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते, तर डिझेलला साधारण 50 अंशांपुढे तापावे लागते. धुराच्या बाबतीत मात्र डिझेलची बाजू लंगडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेल इंजिनाचा धूर कर्करोगकारक ठरवला. नव्या डिझेल वाहनांतील गाळणी काजळी अडवते, पण ती काजळी जाळून गाळणी साफ होण्यासाठी इंजिन दीर्घकाळ गरम राहावे लागते. रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल, तर ही गाळणी पुनःपुन्हा तुंबते. अशा वापराला, लिटरमागे कमी अंतर गेले तरी, पेट्रोलचेच वाहन घ्यावे.