पिकअपला ट्यूनिंग बॉक्स: पसरणी घाटातले आठ महिने

आमची पिकअप 2018 ची, बीएस फोर, कॉमन रेल डिझेल (डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं). वाईहून भिलारकडे शेणखत, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर चढवायचा आणि स्ट्रॉबेरीच्या हंगामात माल घेऊन पुणं गाठायचं, हे तिचं काम. पसरणी घाटात सव्वा टन लोड असला की तिसऱ्या गिअरला दम सोडायची आणि दुसरा टाकला की नुसती ओरडायची. आठ महिन्यांपूर्वी मी तिला ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे इंजिनाची ओढ वाढवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा, बसवला.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. रेल प्रेशर सेन्सरचं सॉकेट काढायचं आणि मधे बॉक्सची वायर जोडायची. सेन्सरला जो दाब दिसतो तो बॉक्स थोडा कमी करून ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, सांगतो. दाब उतरला असं समजून ईसीयू तो वाढवतो, आणि इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. मात्र जास्त डिझेल गेलंय हे ईसीयूच्या हिशोबात कुठेच येत नाही. बॉक्स घेणाऱ्याने ही एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचा सगळा त्रास इथूनच सुरू होतो.

बॉक्सच्या ॲपमध्ये कस्टम सेटिंग आहे: 1500 आरपीएमच्या खाली, 1500 ते 2500 आणि त्याच्या वर, असे तीन आकडे; आकडा मोठा तितकं डिझेल जास्त. मी तिन्ही ठिकाणी 12 टाकले. वाई ते सुरूर रिकामी गाडी अशी पळाली की भाऊ म्हणाला, "दादा, पैसे वसूल!" दुसऱ्या दिवशी खत भरून घाटाला लागलो. अर्ध्या घाटापर्यंत ठीक. वर पोचेपर्यंत मागे काळा धूर आणि केबिनमध्ये क्लच जळाल्याचा वास. घाटावरची पाचगणी जवळपास 1300 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 14 टक्के कमी असतो. हवा विरळ, डिझेल मात्र जादा, मग ते जळणार कसं?

तिसऱ्या आठवड्यात एका वळणावर चेक लाईट लागली आणि गाडीची ताकदच गेली. वीसच्या स्पीडने कडेला घेतली, मागे एसटी हॉर्न देत उभी. फिटरने स्कॅनर लावला तर पी 0088, म्हणजे रेलमधला दाब प्रमाणाबाहेर. चूक माझ्या आकड्यांची होती. बॉक्स काढून कोड पुसला आणि गाडी पूर्ववत झाली, पण त्या दिवशी मी खरंच घाबरलो. इंजेक्टरचा खर्च आमच्यासारख्याला परवडणारा नाही.

मग नोंदींची वही सुरू केली. एका वेळी एकच आकडा बदलायचा, लोड तेवढाच, रस्ता तोच, आणि भाऊ मोटारसायकलवर मागे धूर बघायला. खालचा आकडा सरळ शून्यावर आणला. 1500 च्या खाली टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) पुरती हवाच देत नाही, तिथे वाढवलेलं डिझेल धुरात जातं, आणि लोडवर गाडी उचलताना क्लच प्लेटवरही ताण येतो. मधल्या पट्ट्यात 8 वर घाटमाथ्यावरच्या दांडेघरच्या अलीकडे धूर, 7 वर थोडा, 6 वर काहीच नाही. घाटात इंजिन बहुतेक वेळ याच पट्ट्यात असतं, त्यामुळे खरा फायदा इथेच आहे. वरचा आकडा 2. प्रत्येक फेरीनंतर सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवून बघायचो. 12 वर ओली काजळी यायची, 6 वर कोरडी राखाडी पूड.

आता तिसऱ्या गिअरला गाडी पूर्वीपेक्षा चांगली ओढते. वाईतल्या पंपापासून दांडेघर नाक्यापर्यंत लोडवर 27 मिनिटं लागायची, आता 23 ते 24. खंबाटकीच्या चढालाही फरक कळतो. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजलं: आधी 11.2, आता 11.7. एवढ्यासाठी बॉक्स घेऊ नका, तो फरक पायावरही अवलंबून असतो. सपाटीवर चालणाऱ्या गाडीला याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

वॉरंटीतल्या गाडीला हा बॉक्स लावू नका. बीएस सिक्सवाल्यांनी तर लांबच राहावं, कारण जास्तीच्या काजळीने डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली काजळी अडवणारी जाळी, चोंदतो. इंजिनात केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, आणि नियमात बसतो का हे आरटीओत विचारून घ्या. मी हे आधी केलं नाही, नंतर केलं. पीयूसी दोनदा काढली, 0-6-2 वर दोन्ही वेळा पास झाली.

ऑइल आता दर 10,000 ऐवजी 7,500 किलोमीटरला बदलतो. स्ट्रॉबेरी संपली की जूनमध्ये चारही इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावायचं फिटरशी ठरलंय. तोवर 0-6-2 ला हात लावणार नाही.