वल्ह्याची, पेडलची की हवा भरायची? गोव्याच्या समुद्रात कयाकवरून गरवायला जाणाऱ्यासाठी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात इसवणाचा (म्हणजे सुरमईचा) भाव ऐकून ‘यापेक्षा आपणच कयाक घेऊन गरवायला (गळाने मासे धरायला) जाऊ’ म्हणणारा निदान एक तरी जण मला दर हिवाळ्यात भेटतो. त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठली कयाक घेऊ? मी उलट विचारतो, उतरणार कुठून आणि परत किती वाजता येणार? याचं उत्तर तयार नसेल तर कयाकचं मॉडेल ठरवून उपयोग नाही. गोव्यात कयाकवाल्याला त्रास जातानाच्या वाटेवर क्वचित होतो. होतो तो परत येताना.

इथे समुद्र म्हणजे किनाऱ्यापासून किलोमीटर-दोन किलोमीटरचं पाणी धरतो. ऐकायला हे अंतर किरकोळ आहे. पण भरलेली कयाक नवखा माणूस तासाला चार-पाच किलोमीटरने वल्हवतो, आणि समोरून दहा नॉटचा, म्हणजे ताशी अठरा किलोमीटरचा वारा आला की तो वेग निम्म्यावर येतो. दोन किलोमीटरला मग तास लागतो, तोही थकलेल्या हातांनी.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले होते. ते इथे कामाला येतात. नोव्हेंबर ते मार्च पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी तेलासारखं शांत दिसतं आणि वल्हं न मारताही आपण बाहेर सरकत असतो. ही शांतताच फसवते. मागे वळून माड मोजत राहिलं नाही तर अर्ध्या तासात किनारा भलताच लांब गेलेला असतो. अकरा-बाराच्या सुमारास वारा फिरतो, वायव्येकडून समुद्राचा वारा सुरू होतो आणि दुपारी लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागतो. तो आपल्याला किनाऱ्याकडे ढकलतो हे खरं, पण पाणी खवळतं आणि किनाऱ्यावर लाट फुटायला लागते. एप्रिल-मे महिन्यांत हा वारा आणखी जोर धरतो. म्हणून माझा नियम साधा आहे: उजाडताना पाण्यात, दहाला किनाऱ्यावर. माशांचा चावा चालू असला तरी.

हिवाळ्यात एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवायची. इराणच्या आखाताकडे शमाल नावाचे वारे सुटतात आणि त्यांच्या लाटा काही काळाने आपल्या किनाऱ्यावर येऊन पोचतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर अभ्यास केला आहे. वारा शून्य, आभाळ निरभ्र आणि तरी लाट मोठी, असा दिवस त्यातून येऊ शकतो. त्यामुळे फोनवर फक्त वारा बघून निघू नका. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज उघडा, त्यात लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद दोन्ही बघा. उंची तीच असली तरी सेकंद जास्त असलेली लाट उथळ पाण्यात जास्त उभी राहून फुटते.

आता कयाककडे येऊ. आत पाय घालून बसायच्या कयाकचा प्रश्न एका वाक्यात संपतो: ती उलटली की पाण्याने भरते, भर समुद्रात एकट्याने रिकामी करणं नवख्याचं काम नाही, सोडून द्या. वर बसायची कयाक बंद पोकळ असते, तिच्या अंगातल्या आरपार भोकांतून पाणी आपोआप निथळतं, आणि उलटली तरी सुलटी करून परत चढता येतं. पुढची तुलना याच जातीतली.

वल्ह्याची कडक प्लास्टिकची कयाक अकरा ते तेरा फुटांची, पाऊण मीटरच्या आसपास रुंद, वजनाला पंचवीस ते पस्तीस किलो. दोघांनी उचलून गाडीच्या टपावर चढते. मोडण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही. तिची अडचण अशी की दोन्ही हात वल्ह्यात अडकलेले. मागे रापाला (माशासारखं दिसणारं नकली आमिष) ओढत चाललात आणि इसवण लागला, की वल्हं टाकून रॉड धरायचा, तोवर कयाक लाटेला आडवी. एकट्याने हे सांभाळायला एक हंगाम जातो. पण त्या हंगामात वारा, प्रवाह आणि स्वतःची ताकद कळते, ती दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळत नाही असं माझं मत आहे.

पेडलच्या कयाकवर हात मोकळे राहतात. होबी कंपनीने 1997 साली पेंग्विनच्या पंखांसारखी हलणारी पाती असलेली पेडल आणली, नंतर सायकलसारखी फिरवून पंखा चालवणारीही आली. मासा खेळवताना पायांनी कयाक जागेवर धरता येते, वाऱ्याला तोंड करून ठेवता येते, आणि मांड्या दंडांपेक्षा उशिरा थकतात. मासे धरायला ही सरस, वाद नाही. मग नवख्याला का नको? एक तर वजन. सामानासकट पन्नास किलोंच्या आसपास जाणारी कयाक मऊ वाळूत एकट्याने ओढून बघा. दुसरं म्हणजे किंमत, चांगल्या पेडलवालीच्या पैशांत वल्ह्याच्या दोन तरी येतात. तिसरं कारण खास आपल्या किनाऱ्याचं आहे: जाळी. बोये दिसतात, दोन बोयांमधला दोर दिसेलच असं नाही. पाती किंवा पंखा त्यात गुंतला की पुढे वाकून, लाटेत हेलकावे खात सुरीने सोडवत बसायचं, आणि ज्याचं जाळं कापलं त्याचं नुकसान वेगळंच. शिवाय उथळ पाण्यात पेडल वेळेवर वर घ्यायचं विसरलात तर वाळूत रुततं, आणि मागची लाट थांबत नाही. पेडल असलं तरी वल्हं सोबत लागतंच.

हवा भरायची कयाक फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मोह घालते. डिकीत मावते, कपाटावर राहते. नदीत ती उत्तम आहे. समुद्रात मात्र ती पाण्यावर तरंगणाऱ्या पानासारखी वागते, सकाळच्या मतलई वाऱ्याने सहज बाहेर जाते. त्यात गळ, सुरी, सांगट माशाचा काटा आणि खडपांवरची कालवं, सगळीच तिची शत्रू. एक बारीकसं: पूर्ण हवा भरून उन्हात ठेवली की आतली हवा फुगते, शिवणीवर ताण येतो, किनाऱ्यावर थांबताना थोडी हवा सोडायची. मी स्वतः अशी कयाक शिवोलीच्या पुलाच्या वर, शापोरा नदीतच वापरतो. पुलाच्या खाली, समुद्राच्या बाजूला, नेत नाही.

आणि चौथा पर्याय, ज्याबद्दल कयाकवाले बोलत नाहीत: ओळखीच्या खारव्याच्या होडीतून जाणं. तुम्हाला फक्त मासे हवे असतील तर हाच स्वस्त आणि सुरक्षित. कयाक घ्यायचीच असेल तरी आधी दोन-तीनदा असं जावं. खडप कुठे आहे, ओहोटीला पाणी कुठल्या बाजूला ओढतं, ट्रॉलर कुठून वळतात हे तांडेल (होडीचा प्रमुख) सहज बोलता बोलता सांगून जातो.

उतरायच्या जागेवर मी कयाकइतकाच वेळ घालवीन. काणकोणचं पाळोळे सुरुवातीला सगळ्यांत सोयीचं: अर्धगोल उपसागर, दोन्ही टोकांना खडक, त्यामुळे लाट बेताची, आणि भाड्याने कयाक मिळते. गैरसोय एवढीच की मासे मिळतात ते टोकांच्या खडकांपाशी, आणि टोक ओलांडलं की तो आडोसा संपतो. खडकावर आपटून परतणारी लाट तिथे पाणी डचमळवते. कोलवा ते मोबोरचा किनारा सरळ, उघडा. सकाळी जाणं सोपं, उशीर झाला की परत येणं अवघड, कारण लपायला कोपराच नाही. दोना पावला आणि बोगमाळोला आडोसा आहे, पण मुरगाव बंदरात येणारी-जाणारी जहाजं आणि नौदलाचा वावर लक्षात घ्या. जहाजाच्या वाटेत कयाक म्हणजे पाण्यावरचा नारळ, कप्तानाला ती दिसत नाही आणि दिसली तरी त्याला थांबता येत नाही. दक्षिणेला अंजदीव बेट नौदलाच्या ताब्यात आहे, तिकडे जायचंच नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. हंगामात वनखात्याने कुंपण घातलेल्या भागातून कयाक ओढू नये आणि अंधारात वाळूवर दिवे मारू नयेत.

नदीच्या मुखाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण माझी पहिली उलटापालट तिथेच झाली. शापोराच्या मुखाशी चणक (जिताडा) मिळतो म्हणून गेलो होतो. साडेअकरा वाजले, ओहोटी जोरात. नदीचं पाणी बाहेर धावत होतं आणि समुद्राचा वारा समोरून आत येत होता. दोन्हींची गाठ पडते तिथे, वाळूच्या बांधावर, लाट जागच्या जागी उभी राहते, अगदी जवळजवळ आणि ताठ. सकाळी जाताना त्याच जागी तळ दिसत होता! तिसऱ्या लाटेला मी पाण्यात, रॉड आणि फोन तळाला. जॅकेट अंगात होतं म्हणून हे लिहितोय. बेतुलला साळ नदीच्या मुखाशी आणि आग्वादच्या बांधावरही हाच खेळ असतो. मुखातून जायचंच असेल तर भरती पूर्ण भरून पाणी थबकतं तेव्हा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नवख्याने तिकडे फिरकू नये. आणि मुखाच्या प्रवाहात नांगर टाकू नका. कयाकच्या मध्यावर बांधलेला नांगर ओढ लागली की एक बाजू खाली खेचतो आणि उलटवतो.

सरावाला नदी हवी तर शापोरा, साळ किंवा तळपण बघा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे उलटून चढायचा सराव नको.

तो सराव मात्र टाळता येत नाही. कमरेपेक्षा खोल पाण्यात मुद्दाम उलटायचं, पलीकडची कड धरून अंगाचा भार टाकून कयाक सुलटी करायची, पाय मारत आधी पोटावर आडवं चढायचं, मग उलथून बसायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. जॅकेट घालून, रॉड आणि खोका बांधून, दहा वेळा. हे जमेपर्यंत समुद्रात रॉड नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

जॅकेटमध्ये दोन जाती आहेत. फोमची साधी, आणि ओढल्यावर किंवा पाणी लागताच गॅसने फुगणारी. फुगणारी हलकी असते, उन्हात बरी वाटते, कागदावर तिची तरंगशक्ती 150 न्यूटन, फोमवालीची बहुधा 50. तरी मी फोमचीच सांगेन. किनाऱ्याच्या लाटेत आपोआप फुगणारी जॅकेट नको तेव्हा फुगते, तिची नळकांडी बदलावी लागते, आणि गळ घुसला की ती संपली. पण 50 न्यूटनवाली पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असताना वापरायची असते. बेशुद्ध माणसाला ती उताणं करीलच असं नाही. म्हणजे एकट्याने जायचं नाही, हे त्या आकड्यातच आलं. पट्टे आवळा, खांद्यांना धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा, कानापर्यंत सरकली तर माप चुकलं.

वल्हं आणि रॉड दोरीने कयाकला बांधा. लाट फुटणाऱ्या पट्ट्यातून जाता-येता मात्र रॉड आत बंद करा आणि स्वतःला कशालाही बांधू नका, उलटल्यावर दोरी पायात अडकते.

संपर्काचं परदेशी सल्ले वाचून ठरवू नका. व्हीएचएफ वॉकीटॉकीला आपल्याकडे परवाना लागतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी खिशातली यंत्रं परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. 2024 च्या डिसेंबरात असं यंत्र सोबत असल्याबद्दल गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी बाईंना अडकवलं होतं. एक-दोन किलोमीटरवर मोबाइलला बहुधा रेंज मिळते, म्हणून जलरोधक पाकिटात, जॅकेटच्या खिशात, पूर्ण चार्ज केलेला फोन. तटरक्षक दलाचा 1554 आणि साधा 112 त्यात साठवलेला. जॅकेटला शिटी. काठीवर भगवा किंवा नारिंगी झेंडा, कारण निळी कयाक ट्रॉलरला दिसत नाही. अंधारात उतरत असाल तर पांढऱ्या उजेडाची टॉर्च हाताशी. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला आणि घरी किती वाजता परतणार ते सांगून जा. आपल्या पाण्यात थंडीने माणूस गारठत नाही, उन्हाने गळतो. माणशी तीन लिटर पाणी न्या.

हंगामाचं थोडक्यात: यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. कयाक त्या बंदीत बसत नाही म्हणून पावसाळ्यात जाणारे धाडसी मी पाहिले आहेत, त्यांच्याकडे बघू नका. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की ट्रॉलरवाले निघतात, पण कयाकवाल्याने दसऱ्यापर्यंत नदीतच राहावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ.

म्हापशातल्या त्या गड्याला मी काय सांगतो? दोन सकाळी पाळोळ्याला भाड्याची कयाक घे, रॉडशिवाय. मग एक हंगाम वल्ह्याची कडक कयाक, जोडीदारासोबत. पुढच्या वर्षी हौस टिकली तर पेडल. वल्हेवाली जुनी घेतलीस तरी चालेल, फक्त विकणाऱ्यासमोरच झाकण उघडून दोन बादल्या पाणी आत ओत, बंद करून कुशीवर टाक आणि नंतर उलटी कर. भोकांच्या कडेला, पेचांपाशी, बुडाच्या घासलेल्या भागावर हात फिरव. ओल लागली की पैसे खिशात ठेवून घरी ये.