पहिलं यांत्रिक घड्याळ: जुनी एचएमटी घ्यावी की नवी सिको फाइव्ह?

महिन्यातून एका रविवारी आम्ही सात-आठ जण पुण्यात, कॅम्पातल्या एका इराण्याकडे जमतो. चहाचे कप बाजूला सरकतात, कुणीतरी पिशवीतून मखमली कापड काढून पसरतं आणि ज्याने त्याने आणलेली घड्याळं त्यावर मांडली जातात. हात पुसल्याशिवाय दुसऱ्याचं घड्याळ उचलायचं नाही आणि विचारल्याशिवाय चावी द्यायची नाही, एवढे दोनच नियम. नवीन माणूस आला की प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकच असतो: सेल नसलेलं पहिलं घड्याळ घ्यायचंय, जुनी भारतीय एचएमटी घेऊ की नवी जपानी सिको फाइव्ह? गेल्या महिन्यात नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी हाच प्रश्न घेऊन आली होती. तिला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही मनगटावर चढवून बघा. एचएमटीची जनता किंवा पायलट ही मॉडेलं घ्या, तबकडीची बाजू साधारण ३५ मिलिमीटरची असते, बारीक मनगटावरही नीट बसते आणि बाहीखाली सहज जाते. सिको फाइव्हच्या स्पोर्ट्स मालिकेतली नेहमीची मॉडेलं ४२.५ मिलिमीटरची आहेत. त्या मुलीच्या हातावर सिकोचे वरचे-खालचे कोपरे मनगटाबाहेर येत होते. फोटोत हे कळत नाही. ३८ मिलिमीटरची सिकोही मिळते, तेव्हा दुकानात तीच मागून बघा.

आता मशीन. बंगळुरूत १९६१ साली जपानच्या सिटिझनशी करार करून एचएमटीने घड्याळं बनवायला घेतली. जनता आणि पायलटमधलं ०२३१ हे मशीन त्याच घराण्यातलं: १७ ज्वेल (चाकांची झीज कमी करणारे बारीक खडे), हाताने चावी, तासाला १८,००० ठोके. कानाला लावलं तर सेकंदाला पाच टिकटिका ऐकू येतात. रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्यायची आणि बोटाला अडल्यासारखं वाटलं की थांबायचं. सिकोतलं ४आर३६ हे २४ ज्वेलचं, तासाला २१,६०० ठोक्यांचं. हात हलला की आतला रोटर, म्हणजे अर्धगोल वजनदार पत्रा, फिरतो आणि स्प्रिंग आपोआप भरते. काढून ठेवलं तरी सुमारे ४१ तास चालतं. शिवाय वार-तारीख आहे आणि चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे वेळ सेकंदासकट जुळवता येते. रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात तारीख मात्र चावीने बदलू नका, दातेरी चाकं दुखावतात.

वेळ कोण अचूक दाखवतं, याचा फार विचार करू नका. सिको कंपनी स्वतःच ४आर३६ साठी दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी मुभा सांगते. नीट तेलपाणी झालेली जनताही त्या हिशेबात बसू शकते. मिनिटाचाही फरक नको असेल, तर या दोन्हींऐवजी सेलचं घड्याळ घ्या. टायटनची एज फक्त ३.५ मिलिमीटर जाडीची आहे आणि मला ती मनापासून आवडते, पण तिला चावी देण्याचं सुख नाही.

पाण्याचा प्रश्न सोपा आहे. सिको स्पोर्ट्स १०० मीटरपर्यंतच्या पाण्याच्या दाबाला टिकणारी, पावसात बिनधास्त घाला. जुनी एचएमटी पुण्याच्या जुलैत कपाटात ठेवा. तिची काच ॲक्रिलिकची असल्याने चरे लवकर पडतात, पण टूथपेस्ट लावून मऊ कापडाने घासलं की बरेचसे निघूनही जातात. सिकोच्या काचेला चरा पडला, तर काच बदलणं हाच उपाय.

जास्त वेळ द्यायचा तो एचएमटी पारखायला. कारखाने बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस ही घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे बाजारात फिरणारी पुष्कळशी घड्याळं चार घड्याळांचे भाग जोडून, तबकडी नव्याने रंगवून केलेली असतात. संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. भिंग घेऊन तबकडीवरची अक्षरं बघा: कारखान्याची छपाई बारीक आणि धारदार असते, नवी रंगवलेली जाड आणि फुगलेली. भडक जांभळी किंवा नारिंगी पायलट दिसली तर हात आखडा. मिनिटकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत पोचतो का, ते बघा. आखूड असेल तर काटा दुसऱ्याच घड्याळाचा आहे. विकणाऱ्याला मागचं झाकण उघडायला सांगा. तो कां-कूं करत असेल तर उठा. मीही पहिली पायलट अशीच फसून घेतली होती. आमच्या टेबलावरच्या एका काकांनी मागचं झाकण उघडून मला एकेक खूण दाखवली, तेव्हा डोळे उघडले. हीच खबरदारी जुन्या, सेकंडहँड सिको फाइव्हलाही लागू आहे, म्हणून सिको घ्यायची तर नवीच घ्या.

दुरुस्तीत एचएमटीचं पारडं जड आहे, हे अनेकांना खोटं वाटतं. पण जुने घड्याळवाले काका ०२३१ डोळे मिटून उघडतात, आणि सुटे भाग मोडीतल्या घड्याळांतून मिळतात. सिकोच्या बाबतीत दुरुस्त करण्याऐवजी अख्खं मशीनच बदलायचा सल्ला सहसा मिळतो. पैशाचं म्हणाल, तर बरी जनता दोन-तीन हजारांत येते, त्यात तेलपाण्याचे पैसे वेगळे धरा. नवी सिको त्याच्या कितीतरी पट.

माझं मत स्पष्ट आहे. रोज दुचाकीवर जाणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या आणि घड्याळाकडे लक्ष द्यायला वेळ नसलेल्या माणसाने सिको घ्यावी. घरात आधीच आजोबांची किंवा वडिलांची एचएमटी पडून असेल, तर बाजारात जाऊच नका. तीच तेलपाणी करून आणा. ती मुलगी हे ऐकून जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आजोबांचं एक घड्याळ आहे, पण बंद आहे, आईच्या कपाटात, साडीच्या घडीत ठेवलेलं. तिला म्हटलं, पुढच्या रविवारी घेऊन ये, आधी झाकण उघडून बघू.