रिपोर्ट खरा होता, फसवणूक त्याच्या अर्थात होती

पहिल्या खेपेला दिवस राहायला आम्हाला बरीच वर्षं लागली होती. वय चाळिशीकडे झुकलेलं, त्यामुळे मुलगी वर्षाची होताच दुसऱ्याचा विचार सुरू केला. ती अजून अंगावर पीत होती आणि माझी पाळी परतली नव्हती. नेमक्या अशाच बायकांना हेरणाऱ्या एका ऑनलाइन ‘फर्टिलिटी कोच’शी माझी गाठ पडली. ‘दूध न तोडता दिवस राहतील’, असं तिचं आश्वासन होतं.

तिने आधी रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगितली. रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिनचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर, शेजारी ठळक अक्षरांत ‘हाय’. बाईंनी त्याभोवती लाल गोल काढून पाठवला. म्हणाल्या, हार्मोन बिघडलंय, उशीर केलात तर अवघड होईल.

लॅबने काहीही खोटं लिहिलं नव्हतं. रिपोर्टवर छापलेली मिलिलिटरमागे साधारण 25 नॅनोग्रॅमची मर्यादा गरोदर नसलेल्या, न पाजणाऱ्या बाईसाठी असते. प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन आहे. मूल पितं तेव्हा ते वाढतं, आणि पाजण्यामुळे मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात, म्हणून पाळी लांबते. म्हणजे जो आकडा दाखवून मला घाबरवलं, तो माझं शरीर व्यवस्थित काम करत असल्याचा पुरावा होता! पण असा रिपोर्ट हातात आला की कुणाचंही काळीज हलेल, आणि धंदा त्यावरच चालतो.

मग ‘हार्मोन बॅलन्स’च्या गोळ्या आल्या, बिनलेबलच्या पांढऱ्या डबीत. औषधाचं नाव विचारलं तर ‘आमचा खास फॉर्म्युला, पूर्ण नैसर्गिक’. गोळी रोज नाही, आठवड्यातून दोनदाच घ्यायची. थोड्याच दिवसांत दूध आटू लागलं. मुलगी ओढून ओढून रडायची, मला उठलं की चक्कर यायची. बाईंचं उत्तर तयार होतं: शरीर नव्या बाळासाठी जागा करतंय.

गोळ्यांची दुसरी डबी पाठवताना ते लोक घाईत असावेत, कारण डबीत सुट्या गोळ्यांऐवजी पट्टीचा कापलेला तुकडा आला आणि त्यावर नावाची अर्धी अक्षरं शिल्लक होती. तो घेऊन मी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. ते कॅबरगोलिन होतं. प्रोलॅक्टिन खाली आणणारं, दूध बंद करायलाही वापरतात ते औषध. एका गोळीचा परिणाम कित्येक दिवस टिकतो. रक्तदाब आटोक्यात नसेल तर ते देत नाहीत. मला गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास होता आणि हे कोचबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, बाळ दिवसातून किती वेळा पितं? रात्रीचं पाजणं कमी केलं तर कधीकधी पाळी औषधाविना परतते, असं त्या म्हणाल्या. स्त्रीबीज तयार होण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दलही बोलल्या. क्लोमिफीनने दूध कमी होऊ शकतं. लेट्रोझोलच्या माहितीपत्रकात तर शेवटच्या गोळीनंतर किमान 3 आठवडे पाजू नये असं लिहिलेलं असतं. स्त्रीबीज वाढवणाऱ्या गोनॅडोट्रोपिन हार्मोनच्या इंजेक्शनांमधले रेणू मोठे प्रथिनांचे. ते दुधात उतरले तरी बाळाच्या पोटात पचून जाण्याची शक्यता जास्त. पण तीसुद्धा सोनोग्राफीच्या देखरेखीखालीच. ‘दूध न तोडता हमखास’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

पैसे परत मागितले तेव्हा खरी मेख कळली. पावतीवर फक्त ‘सल्ला शुल्क’ लिहिलेलं. कागदोपत्री त्यांनी मला औषध विकलंच नव्हतं. तक्रारीसोबत जोडायला माझ्याकडे उरलं ते म्हणजे मेसेज, लाल गोलाचा फोटो आणि पट्टीचा तुकडा. तेव्हा बिलावर औषधाचं नाव लिहून मागा, आणि डबी, पाकीट, कापलेली पट्टी यांतलं काही फेकू नका. प्रोलॅक्टिन तपासायची वेळ आलीच तर बाळ अंगावर पितं हे तपासणीच्या फॉर्मवर आधी लिहायला लावा.