पित्तनळीचा स्टेंट: कोकणातल्या पेशंटला धातूचाच बरा

फुप्फुसाचा कॅन्सर, विशेषतः स्मॉल सेल (लहान पेशींचा, झपाट्याने पसरणारा प्रकार), स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात पसरला की पित्त आतड्यात नेणारी पित्तनळी दाबली जाते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं, अंगभर खाज. ही कावीळ झाडपाल्याने उतरत नाही. कृपा करून त्यात दिवस घालवू नका. ईआरसीपीने (तोंडावाटे दुर्बीण घालून) स्टेंट, म्हणजे पित्तनळी उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात. प्लास्टिकचा स्वस्त, पण बारीक. साधारण ३ महिन्यांत गाळाने तुंबतो. धातूचा जाळीदार आत उघडून १० मिमी रुंद होतो, म्हणून जास्त टिकतो. महाग आहे खरा, पण राजापूर-कणकवलीहून थकलेल्या माणसाला घाट चढवून पुन्हा पुन्हा कोल्हापूरला नेणं फार हाल करतं. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य) उतरलं तरच बरीचशी केमो पुरत्या डोसने देता येते. घरी थंडी वाजून ताप आला तर नळी तुंबून जंतुसंसर्ग झाला असं धरा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.