क्लासिक ३५० च्या ‘स्टेज १ किट’मध्ये माझे २३,५०० गेले, पैसे देण्याआधी हे वाचा

पुणे-सातारा माझं महिन्यातून दोनदा तरी होतं, बायको मागे, दोन्ही बाजूला बॅगा, आणि गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, २०२२ ची, नव्या जे सिरीज इंजिनची. तेव्हा पुण्याकडून जाताना खंबाटकी घाट चढूनच जावं लागायचं, जुना बोगदा साताऱ्याहून येणाऱ्यांसाठी. चढावर ट्रकच्या मागे अडकलो की चौथ्या गिअरमध्ये गाडी नुसती धापा टाकायची. एवढीच माझी तक्रार होती, टॉप स्पीड नको होता की आवाज नको होता, फक्त डबलसीट असताना ट्रक ओलांडायला जरा दम हवा होता.

ऑफिसमधल्या एकाने पिंपरी-चिंचवडकडचं एक गॅरेज सांगितलं. नाव लिहीत नाही कारण तक्रार दाखल केलीय. मालक बोलायला फार गोड, चहा मागवला, गाडी स्वतः चालवून बघितली आणि म्हणाला, "सर, पोल्युशनच्या नियमांमुळे कंपनी इंजिन दाबून ठेवते, आपण फक्त त्याला श्वास घेऊ द्यायचा." यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच माणूस फसतो. नियमांसाठी कंपन्या पेट्रोल-हवेचं प्रमाण जपून ठेवतात हे खरंच आहे, पण म्हणून आत सात-आठ बीएचपी (इंजिनच्या ताकदीचं माप) दडवून ठेवलेले असतात असं नाही.

किट असं होतं: फ्री फ्लो सायलेन्सर ८,५००, ‘परफॉर्मन्स चिप’ ६,५००, एअर फिल्टर २,८००, इरिडियम प्लग १,२००, डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) ट्यूनिंग ३,५०० आणि मजुरी १,०००. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला, मी पण म्हटलं राहू दे, आणि एका साध्या कागदावर आकडे लिहून घेऊन यूपीआयने पैसे टाकले, तेही दुकानाच्या नाही तर कुणाच्या तरी पर्सनल खात्यावर.

सकाळी गाडी दिली, संध्याकाळी घेतली. डायनो चाकणला आहे, गॅरेजचा मुलगा गाडी चालवत घेऊन गेला आणि चालवत आणली असं सांगितलं. सोबत रंगीत ग्राफचा कागद दिला, आधी २०.२ बीएचपी, नंतर ५,५०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) २७.५ बीएचपी, टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ तिथेच २७ न्यूटन मीटर. घरी येताना खरंच वाटलं गाडी पळतेय. आवाज मोठा झाला की वेग वाढल्यासारखा वाटतो हे आता कळतंय, तेव्हा मी इतका खूश होतो की ऑफिसात दोघांना सांगितलं आणि त्यातल्या एकाने तिथेच जाऊन तेवढेच पैसे भरले. हे लिहिण्यामागचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे, माझ्या शब्दावर त्याचे पैसे गेले.

दोन टाक्यांतच अ‍ॅव्हरेज ३४ वरून २५ वर आलं. मग चेक इंजिनचा दिवा लागायला लागला, सकाळी सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास. फोन केला तर म्हणाला ५०० किलोमीटर चालवा सर, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर शिकतो. ८०० झाले, काही शिकला नाही. गाडी सर्व्हिसला नेली तर तिथल्या माणसाने प्लग काढून दाखवला, काजळीने काळाकुट्ट, आणि वायर कापून जोडलेली दिसतेय म्हणून वायरिंगची वॉरंटी मिळणार नाही असं तोंडावर सांगितलं.

माझा मावसभाऊ चाकणला एका कंपनीत इंजिन टेस्टिंगला आहे. त्याला डायनोचा कागद दाखवला, त्याने मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, "दादा, हा कागद कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून बनवलाय."

हे नीट समजून घ्या कारण हे कुणालाही करता येतं. पॉवर आणि टॉर्क या दोन वेगळ्या मोजायच्या गोष्टी नाहीत, टॉर्क गुणिले आरपीएम म्हणजेच पॉवर. न्यूटन मीटरला आरपीएमने गुणायचं आणि साधारण ७,१२० ने भागायचं, बीएचपी येते. माझ्या कागदावर २७ गुणिले ५,५०० भागिले ७,१२०, म्हणजे जेमतेम २०.९. लिहिलं होतं २७.५. एकाच कागदावरचे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत होते. दुसरं म्हणजे कंपनीचे २०.२ बीएचपी हे ६,१०० आरपीएमला इंजिनच्या क्रँकवरचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या आधीचे आकडे आहेत, आणि गॅरेजमधला डायनो मागच्या चाकावर मोजतो, मध्ये गिअरबॉक्स आणि चेन थोडी ताकद खातेच. मग ‘आधी’च्या ग्राफवर चाकावर बरोब्बर २०.२ येईल कसे? तो आकडा माहितीपत्रकातून उचलला होता.

मग मला आठवलं की मी अ‍ॅव्हरेजचा हिशोब ठेवतो म्हणून गाडी देताना ओडोमीटरचा फोटो काढला होता आणि संध्याकाळी पेट्रोल भरताना परत काढला होता. दोन्हीत फरक ४ किलोमीटरचा, आणि माझा पंप गॅरेजपासून तीनेक किलोमीटरवर आहे. चाकणला जाऊन आलेली गाडी!

चिप म्हणजे काळी डबी, वर निळा दिवा. भावाने कटरने फोडली. आत दिव्याची सर्किट आणि एक रेझिस्टर, दोन रुपयांचा. तो आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरमध्ये जोडला होता. हवा थंड असली की त्या सेन्सरचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे मध्ये रेझिस्टर टाकला की ईसीयूला वाटतं हवा कडक थंड आहे, थंड हवा दाट असते म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो. साध्या चालण्यात ऑक्सिजन सेन्सर ती चूक सावरायचा प्रयत्न करतो, एका मर्यादेपलीकडे त्यालाही जमत नाही आणि दिवा लागतो. ताकद कुठेच वाढत नाही, नुसतं पेट्रोल जळतं. एअर फिल्टर तर इतका विरळ की उजेडाला धरला की पलीकडचं दिसत होतं, आपल्याकडच्या धुळीत ती सगळी माती सिलिंडरमध्ये. प्लग इरिडियम नव्हताच, साधा होता, आणि खरा असता तरी चांगल्या चालणाऱ्या इंजिनात प्लग बदलून बीएचपी येत नाही.

खात्री करायची म्हणून एका रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० ते ८० जायला किती वेळ लागतो ते मोजलं, किट असताना तीनदा आणि सगळं जुनं लावून तीनदा. किटवर सरासरी ९.६ सेकंद, कंपनीच्या सामानावर ९.४. भाऊ म्हणाला या इंजिनात तसंही फार काही मिळणार नव्हतं, ७२ मिलिमीटर बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) ८५.८ चा लांब स्ट्रोक (पिस्टनची चाल), दोनच व्हॉल्व्ह, हे खालच्या आरपीएमला ओढायला बनवलंय, नुसता सायलेन्सर मोकळा करून ते वर पळायला लागत नाही.

सायलेन्सरचं वेगळंच. साताऱ्यात पोवई नाक्यावर ट्रॅफिक पोलिसांनी अडवलं, दंड झाला आणि सायलेन्सर काढून ठेवला. बरोबरच केलं, आमच्या गल्लीत लहान मुलं झोपेतून दचकायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि १८२ए प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंड गॅरेजवाल्याला नाही, तुम्हाला. आणि अपघात झाला तर न कळवलेल्या मॉडिफिकेशनवर विमा कंपनी बोट ठेवू शकते, हे मी विचारातच घेतलं नव्हतं.

पैसे परत मागितले तर "इलेक्ट्रिकल आयटमला रिटर्न नसतं", मग नंबर ब्लॉक. १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथे काही झालं नाही म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन टाकलीय, ५ लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी लागत नाही. पक्कं बिल नसल्यामुळे माझी बाजू लंगडी आहे, पण यूपीआयची नोंद, चॅट, ओडोमीटरचे दोन फोटो आणि तो ग्राफ जोडलाय. ऑफिसमधल्या मित्रानेही त्याचा कागद दिला, त्याच्या गाडीचा ग्राफ आणि माझ्या गाडीचा ग्राफ रेघ न रेघ सारखा, फक्त गाडीचा नंबर बदललेला.

घाटाचं काय झालं ते सांगतो. भाऊ मागे बसून खंबाटकीला आला. क्लासिकला आरपीएम मीटर नाही, त्यामुळे मला कळतच नव्हतं की चौथ्यात इंजिन पार खाली जातंय, आणि याचा २७ चा टॉर्क येतो ४,००० ला. त्याने चढाच्या आधीच तिसरा टाकायला लावला. गाडी ओढत गेली, डबलसीट, बॅगांसकट. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, सहा पायऱ्यांनी बदलता येतो, तो मी कधी हलवला नव्हता, दोन पायऱ्या वाढवल्यावर वळणावर मागची बाजू बसायची थांबली. डबलसीटला मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलंय. चेन साफ करून ताण नीट केला. खर्च फक्त दोन ठिकाणी केला, मागचा टायर गुळगुळीत झाला होता तो १२०/८०-१८ चा चांगल्या कंपनीचा घेतला आणि नाना पेठेतून पुढचे ओरिजिनल ब्रेक पॅड आणले, दोन्हींचं पक्कं बिल घेऊन. १९५ किलोची गाडी, वर आम्ही दोघं, उतारावर ते पॅड धरतात तेव्हा बायको आता माझा खांदा आवळत नाही.

जुना फिल्टर आणि सायलेन्सर मी गाडी देताना परत मागून घेतले होते म्हणून ते तरी वाचले. मित्राने त्याचे तिथेच सोडले होते, आता म्हणतात भंगारात गेले. त्याला नवा सायलेन्सर घ्यावा लागतोय, त्यातला निम्मा खर्च मी देतोय.